म्हणायला काय जातंय

सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला की आधी गार पाणी येई. गरम पाणी गच्चीवरच्या टाकीपासून सगळे मजले उतरून यायचं, त्याला वेळ लागायचा. तेवढा वेळ दातवाली नळाखाली एक बोट धरून उभी राही आणि मोठ्याने त्रिशरण म्हणे, मग पंचशील. पाणी कधी दुसऱ्या शीलालाच गरम होई, कधी पाचवं संपलं तरी गारच. तिने पाण्यासाठी कधी घाई केली नाही आणि पाण्यामुळे कधी मध्येच थांबलीही नाही. बोट भाजलं तर बोट काढून घ्यायचं, शील पुरं करायचं. मग भांडी.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुनेने विचारलं होतं, "आई, हे मूर्तीसमोर बसून नाही का म्हणायचं?"

"मूर्तीला ऐकू येतं असं कुणी सांगितलं तुला? मला ऐकू यावं म्हणून म्हणते मी. माझ्याच कानांना त्याची गरज जास्त."

गरज होती हे कुणीही सांगितलं असतं. दातवालीचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता. भाजीवाला तिला वजनात मारायचा नाही, बसचा वाहक तिला सुटे नाहीत असं सांगायचा नाही. अंगाने ती किरकोळ होती, पण आवाज असा की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकी लावून घेत, आणि मग काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून पुन्हा किलकिली करत.

काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. समोर डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेत, तो ओल्या फडक्यात गुंडाळून मागे येई. ती त्यात प्लास्टर ओती, जबडा काढी, त्यावर मेणाची कड चढवी आणि मेणात एकेक दात रोवी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, ओठांवाचून हसणारे. तिच्या भुवयांवर कायम पांढरी धूळ असायची. रस्त्यात तिला माणसं चेहऱ्यापेक्षा हनुवटीवरून लवकर ओळखू येत.

याच खोलीत तिचा राग पहिल्यांदा तिच्याच अंगावर आला. डॉक्टरांनी कुणाच्या तरी घाईपायी एक कवळी तिसऱ्यांदा परत पाठवली होती, आणि तिने हातातला जबडा उचलून भिंतीवर मारला. तुकडे पार दारापर्यंत उडाले. दारात एक बाई उभ्या होत्या. शाळेत शिकवणाऱ्या, ताठ, केसांत एकही काळा केस न उरलेल्या. मेणातले दात लावून बघायला आल्या होत्या. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"माझाच होता का गं तो?"

"नाही. तुमचा फळीवर आहे."

"मग ज्याचा होता त्याने काय केलं होतं तुझं?"

दातवाली वाकून तुकडे गोळा करू लागली. बाई खुर्चीवर जाऊन बसल्या, तोंड उघडून. मेणाच्या कवळीचा 'स' नीट उमटतो का हे बघायला डॉक्टर सगळ्यांना साठपासून पुढे मोजायला लावत. साठ, एकसष्ट, बासष्ट. बाई म्हणाल्या, "आकडे आयुष्यभर मुलांकडून म्हणवून घेतले. मी दुसरं म्हणते." आणि त्यांनी तोंडातल्या मेणासकट त्रिशरण म्हटलं. 'सरणं' म्हणताना समोरच्या दोन दातांमधून शिट्टी वाजली. दातवालीने दात काढून घेतले, किंचित आत रोवले, परत लावले. पुन्हा शिट्टी. पुन्हा काढले. शिट्टी जाईपर्यंत तिला ती ओळ इतक्या वेळा ऐकावी लागली की घरी जाताना तिच्याही तोंडात तीच होती.

त्या रविवारी बाई तिला विहारात घेऊन गेल्या. विहार म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरचा लांबट हॉल. खालून पंपाचा आवाज येई आणि रबराचा वास. तेव्हा तिथे एक म्हातारे भन्ते होते. दातवालीने वंदना संपताच त्यांना गाठून सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता, की मला हे पुढचा जन्म, मागचा जन्म काही पटत नाही. माणूस मेला की मेला. माझा नवरा गेला तेव्हा मी शेजारी बसले होते, मला काही कुठे जाताना दिसलं नाही.

भन्ते म्हणाले, "राग येतो का?"

"येतो. फार."

"मग या. तेवढं काम तुम्हाला हा जन्म पुरेल."

एवढीच तिची परीक्षा झाली होती. भन्ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात दातवालीने विहाराची फरशी पुसली, चपला नीट लावल्या, लहान मुलांना त्रिशरण शिकवलं, आणि कुणी अंथरुणाला खिळलं की त्याच्या घरी जाऊन बसू लागली. हे काम तिच्याकडे कुणी दिलं नव्हतं. आजाऱ्याशेजारी गप्प बसणं सगळ्यांना अवघड जातं. तिला मेणासमोर तासन्तास गप्प बसायची सवय होती. जाणाऱ्याच्या उशाशी ती हळू आवाजात शरण म्हणे, ज्याला जमेल तो ओठ हलवी. तिचा तो आवाज गल्लीने कधी ऐकलेला नव्हता.

आणि राग? गेला नाही. पण जबडा पुन्हा फेकला नाही. हात उचलला जाई, मग तो प्लास्टरच्या पिशवीवर टेकवून ती उभी राही. संध्याकाळी तिला न्यायला दवाखान्यात येणाऱ्या सुनेने हे पाहिलं होतं. ती वाहन चालवायला शिकवायची. माणूस ब्रेकवर पाय कसा आणतो हे तिला बरोबर दिसायचं.

मग विहाराला नवे चिटणीस मिळाले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं, कारण दातवालीने ते कधीच सांगितलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वेळेवर येणं, गळणारं छत त्यांनी स्वतः शिडीवर चढून बुजवलं. त्यांचा अभ्यास होता, आणि अभ्यास असलेल्या माणसाला इतरांचा सैलपणा जसा टोचतो तसा त्यांना टोचे. त्यांनी एक नवी पद्धत घातली. वंदना झाली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि एकसुरात म्हणायचं: कर्म आणि पुनर्जन्म यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. याला ते निष्ठावचन म्हणत.

पहिल्या रविवारी सगळे उठले. दातवालीही उठली. वचन संपल्यावर चिटणीस तिच्याजवळ आले.

"ताई, तुम्ही उभ्या राहिलात, पण तोंड मिटलेलं होतं."

"जे मला माहीत नाही ते कसं म्हणू?"

"माहीत असायला नको. विश्वास हवा."

"तो तर मुळीच नाही."

"मग," चिटणीस शांतपणे म्हणाले, आणि तो शांतपणाच तिला डसला, "तुम्ही कशाच्या बौद्ध?"

हॉलमध्ये चटया गुंडाळणारे हात थांबले. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"कशाच्या?" दातवाली म्हणाली. आवाज चढत चालला होता. "आत्ता तुमच्या अंगावर धावून येत नाहीये ना, त्याची बौद्ध! राग गिळून गिळून पोटात गोळा झालाय, त्याची बौद्ध! दारू नाही, चोरी नाही, कुणाचं वाईट चिंतलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून येते, त्याची! पुढच्या जन्माचं पुढच्या जन्मी बघू. मी या जन्मात बौद्ध आहे."

"ताई, दृष्टी सम्यक नसेल तर बाकीचं सगळं..."

"पाच मिनिटांपूर्वी याच तोंडाने मी म्हटलं की खोटं बोलणार नाही. तुम्हीही म्हणालात. आणि लगेच मला उभं करून माझ्याकडून खोटं वदवून घेता? कुठल्या पुस्तकात आहे हे?"

शिंपीकाका मध्ये पडले. दुकानाच्या दारावर घोड्याची नाल ठोकून बसलेले आणि वर्तमानपत्रात सगळ्यात आधी राशिभविष्य वाचणारे शिंपीकाका. त्यांनी वचन खणखणीत आवाजात म्हटलं होतं. "अहो ताई, कशाला वाढवता? म्हणून टाकायचं. म्हणायला काय जातंय?"

"काही जात नसेल, तर म्हणवून तरी कशाला घेता?"

शिंपीकाका चटई गुंडाळू लागले. उत्तर चिटणिसांकडे होतं. ते त्यांनी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आजाऱ्यांकडे आणि शेवटच्या घटकेला विहारातर्फे जायचं ते फक्त निष्ठावचन घेतलेल्यांनी. बाकीच्यांनी वंदनेला जरूर यावं, मागे बसावं, हरकत नाही.

ते 'हरकत नाही' दातवाली घरापर्यंत तोंडात घोळवत गेली. स्वतः पुसलेल्या फरशीवर बसायला तिला आता परवानगी मिळाली होती! ज्यांनी एकाही मरणाऱ्या माणसाच्या पायावरचं पांघरूण नीट केलं नव्हतं, ते आता जाणार. का? तर त्यांना एक वाक्य पाठ होतं म्हणून. त्या आठवड्यात तिने दवाखान्यात तीन कवळ्यांना इतकं पॉलिश केलं की डॉक्टर म्हणाले, "अहो, म्हातारी माणसं आहेत, आरसे नाहीत."

ती बाईंकडे गेली. बाई तोवर बऱ्याच थकल्या होत्या. श्वास पुरत नसे, दोन उशा पाठीशी लागत. पण दात तोंडात होते. दवाखान्याबाहेर बाईंना दातांवाचून कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे यजमान गेले तेही न पाहताच. सगळी हकीगत ऐकून बाई आधी हसल्या.

"आणि मी तर सगळं मानते. मला पुढचा जन्म हवाच आहे. पोहायचं राहिलं या जन्मात."

"खुशाल या. फक्त दात स्वतःचे घेऊन या. मी पुन्हा करून द्यायची नाही."

"तू नसशीलच ना तेव्हा. तुझ्या मते."

"तेच म्हणते मी."

दोघींचं हे भांडण फार जुनं होतं, त्याला आता धार उरली नव्हती. बाई मानत, दातवाली मानत नसे, आणि दोघी एकाच चटईवर बसून एकच ओळ म्हणत. यात काही चुकतंय असं दोघींना कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी तिचा हात धरला. "ऐक. मी जाईन तेव्हा तू म्हणायचंस. त्या चिटणिसाने नाही. नापास झालेल्या मुलाची समजूत काढल्यासारखा बोलतो तो."

"मला आता जाता येणार नाही म्हणे."

"मग सांगून टाक ना खोटं. एकदाच. माझ्यासाठी."

दातवालीने हात काढून घेतला. तिचं तोंड लाल झालं. "तुम्ही मास्तरीण ना? मुलांना हेच शिकवलंत?"

बाई इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "बघत होते, विकली जातेस का ते."

"असली थट्टा करू नका. मारेन हं."

"पण येशील ना?"

"येईन," दातवाली म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बांधून घेतलंय.

बाईंना इस्पितळात हलवलं तेव्हा निरोप आला तो त्यांच्या मुलाचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घाबरट नव्हता, पण दोरावर माणसं लटकत असतात हे रोज बघणारा होता, त्यामुळे कुणी धोका म्हटला की आधी थांबायचा.

"मावशी, रागावू नका," तो फोनवर म्हणाला. "चिटणीस म्हणतात, शेवटचा विचार जसा, तसा पुढचा जन्म. खोलीत कुणी न मानणारं असलं तर आईचं मन ढळेल. तुमचा विश्वास नाही ना. आईचा आहे. माझ्याच्याने जोखीम घेववत नाही. तुम्ही नंतर या."

"नंतर कधी? गेल्यावर?"

दातवालीने फोन ठेवला. टेबलावर कुणाचा तरी जबडा होता. तिने तो उचलला, आणि सावकाश फळीवर ठेवून दिला. मग न्यायला आलेल्या सुनेला म्हणाली, "गाडी काढ."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी विटाळ आहे."

"असं म्हणाले?"

"शब्द दुसरे होते."

सून गाडी चालवता चालवता म्हणाली, "आई, मी एक सांगू? डोळे मिटायचे आणि म्हणून टाकायचं. बाईंसाठी."

"तूसुद्धा?"

"बरं, राहिलं." सुनेने वळण घेतलं. मग म्हणाली, "पट्टा लावा."

इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात भिंतीला जोडलेल्या खुर्च्या होत्या आणि फिनेलचा वास. खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून चिटणिसांचा आणि आणखी दोघांचा आवाज येत होता, संथ, स्पष्ट, एकसारखा. दातवाली दारासमोरच्या खुर्चीवर बसली. तिला कुणी आत बोलावलं नाही, आणि दार ढकलून घुसायची ती नव्हती. बाईंचं मरण म्हणजे काही बसमधली जागा नव्हे.

थोड्या वेळाने मुलगा बाहेर आला. तिला पाहून ओशाळला.

"कशा आहेत?"

"शुद्धीवर आहे. पण भिंतीकडे तोंड करून पडलीय. डोळे उघडत नाही, ओठ घट्ट मिटलेत. म्हणा म्हटलं की नाही म्हणून मान हलवते. चिटणीस म्हणतात, मोह सुटत नाहीये."

"दात कुठे आहेत?"

"काय?"

"आईचे दात!"

"नर्सबाईंनी काढून डबीत ठेवलेत. घशात जातील म्हणून."

"त्यांनी बरोबर केलं. पण मोह कसला डोंबलाचा!" दातवाली ताडकन उठली. व्हरांड्याच्या टोकाची माणसं वळून बघू लागली. "बोळकं झालंय म्हणून लाजतेय ती! तुझ्या बापासमोर उघडलं नाही तिने बिनदाताचं तोंड, या तीन परक्या पुरुषांसमोर उघडेल? आणि तुम्ही तिचा मोह मोजताय! तिला शरण जायचंय, पण नीटनेटकं जायचंय. एवढं कळू नये कुणाला?"

आतला आवाज थांबला. चिटणीस दारात आले.

"ताई, इथे आवाज नको."

"मला आत जाऊ द्या."

चिटणिसांनी दार मागे ओढून घेतलं. त्यांचा चेहरा दमलेला होता. "तुम्हाला वाटतं मी नियमासाठी करतोय," ते म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा खोलीत टीव्ही चालू होता, ताई. कुठली तरी जाहिरात. ती काय ऐकत गेली, कुठे गेली, मला रोज वाटतं. दुसऱ्या कुणाच्या आईचं तसं होऊ नये, इतकंच. मला तुम्हाला अडवायचं नाही. एक वाक्य आहे. इथल्या इथे म्हणा, मी स्वतः दार उघडतो."

टीव्हीचं ऐकून दातवालीला त्या माणसाची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. स्वतःच्या दुःखाला कुलूप घडवायचं आणि ते दुसऱ्याच्या दाराला लावायचं, हा कुठला न्याय?

पण दार समोर होतं. पलीकडे बाई होत्या. एक वाक्य. शिंपीकाका म्हणतात, सगळा हॉल म्हणतो. कुणाचं काय बिघडलं? दातवाली स्वतः मेली तर मेलीच, तिच्या हिशेबाने तिला जाब विचारायलाही कुणी उरणार नव्हतं. उलट बाईंना दिलेला शब्द पाळला जाईल. सून बघत होती. दातवालीने तोंड उघडलं.

"कर्म आणि..." ती म्हणाली.

पुढचं येईना. शब्द पाठ होते, तरी येईनात. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायचीही तिला चीड आली.

"नाही!" ती ओरडली. आता सगळा व्हरांडा ऐकत होता. "नाही जमत. मला माहीत नाही पुढे काय आहे. माझा नाही विश्वास. हेच खरं आहे आणि एवढंच माझ्याकडे आहे. तुमच्या आईचं वाईट झालं हो, फार वाईट झालं. पण मी दारात खोटं बोलून आत गेले, तर तिच्या उशाशी बसून ते शरण कुठल्या तोंडाने म्हणू? सांगा ना! तुम्हाला खोटी माणसं चालतात, मी चालत नाही?"

चिटणीस काही बोलणार तोच मुलाने दार किलकिलं करून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग वळला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसता का? तुम्ही तिघं केव्हापासून म्हणताय, आईने डोळे उघडले नव्हते. मावशी ओरडल्या तसे उघडले. दाराकडे बघतेय."

"तुझ्या आईच्या पुढच्या..."

"हो, कळतंय मला. पण आत्ता ती कुणाला शोधतेय ते दिसतंय." त्याने दार पूर्ण उघडलं. "मावशी, या. ती डबी खिडकीत आहे."

आतले दोघे उठून बाहेर गेले. दातवालीने डबी घेतली, बेसिनवर कवळी धुतली, ओली करून आणली. परिचारिकेला विचारलं, ती म्हणाली, थोडा वेळ चालेल, तुम्ही जवळ बसणार असाल तर. मग खोलीकडे पाठ येईल अशी बसून तिने बाईंचं तोंड आपल्या आडोशाला घेतलं. मुलगाही खिडकीकडे वळला. आधी वरची, मग खालची. अंगठ्याने हलकेच दाबून.

बाईंनी ओठ हलवून पाहिले. बोलायला वेळ लागला.

"भांडत होतीस ना?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"भांडत होते," दातवाली म्हणाली.

मग तिने शरण म्हणायला सुरुवात केली, तिच्या त्या दुसऱ्या आवाजात. बाई मागून म्हणत होत्या. श्वास तुटत होता, अर्धी ओळ आत राहत होती, पण 'स' स्वच्छ होता. पाचव्या शीलाशी आल्यावर बाई थांबल्या, जरा विसावल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"भेटू ना गं पुढे?"

खिडकीपाशी मुलगा हलला. दातवालीला वाटलं, चिटणिसांच्या दारापेक्षा हे दार कठीण आहे. तिथे राग होता सोबतीला. इथे नव्हता. एक 'हो' म्हटलं असतं तर बाई हसून डोळे मिटणार होत्या, आणि जगातल्या कुणीही, अगदी म्हाताऱ्या भन्त्यांनीही, तिला बोल लावला नसता.

"मला माहीत नाही, बाई," ती म्हणाली. "पण तुम्ही आलात तर मला हाक मारा. मी असेन तर ओ देईन."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, उत्तरपत्रिका बघावी तसं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. दातवाली शेजारी होती, मुलगाही होता. चिटणीस बाहेरच्या खुर्चीवर बसून होते. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

गोष्टीत अशा वेळी चिटणीस माफी मागतात. इथे मागितली नाही. निष्ठावचन पुढेही कित्येक महिने चाललं. दातवाली दर रविवारी जात राहिली, मागे नाही, पहिल्या ओळीत बसू लागली, आणि 'उभे राहा' म्हटलं की मांडी घालून बसूनच राही. सगळे उभे आणि मधोमध ती, भुवयांवर पांढरी धूळ, समोर बघत. एका रविवारी शिंपीकाकाही उठले नाहीत. "गुडघा धरलाय," ते म्हणाले. पुढच्या रविवारी आणखी दोघांचे गुडघे धरले. पुढे कधीतरी चिटणिसांनी ते वचन म्हणवून घेणं सोडून दिलं. का, ते सांगितलं नाही. दातवालीने विचारलंही नाही, आणि तिचा राग त्यानंतरही तसूभर कमी झाला नाही. सुनेने एकदा म्हटलं, आता तरी सोडा. ती म्हणाली, "माझ्यासारखी दुसरी कुणी दारात रडून परत गेली असेल, तिला विचारून सोडते."

ती पुन्हा आजाऱ्यांकडे जाऊ लागली. आधी बोलावणं बाईंच्या मुलाकडूनच आलं, त्याच्या इमारतीतल्या एका म्हातारबाबांसाठी. मग इतरांकडून. तिथे ती कुणाला काही विचारत नसे. कुणी पुढच्या जन्माबद्दल बोललं तर ऐकून घेई.

तिची स्वतःची पाळी आली ती घरीच, उन्हाच्या वेळी, तापात. बोलणं कमी झालं होतं, पण कान शाबूत होते. विहारातली माणसं खाली जमलीत, असं सुनेला समजलं. ती पलंगापाशी वाकली.

"आई, विहारातले आलेत. वर बोलावू?"

दातवालीने होकाराची मान डोलावली.

सून घुटमळली. "चिटणीसही आहेत. शिडीवरून पडल्यापासून काठी घेऊन चालतात, तरी आलेत. त्यांनाही वर घेऊ?"

दातवालीच्या कपाळावर जुनी आठी उमटली. सुनेला वाटलं, आता ओरडणार. तिने डोळे उघडून खोलीभर नजर फिरवली.

"येऊ दे सगळ्यांना," ती म्हणाली. "आधी त्या खुर्च्यांवरचे कपडे उचल. माणसं बसतील कुठे?"